दगडाला फुटलेले कोंब

भाजीबाजारामागच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. रोपवाटिकावाले, फुलं पिकवणारे, बियाण्यांचे दुकानदार, गच्चीवर चार कुंड्या ठेवून स्वतःला बागायतदार म्हणवणारे आणि गर्दी दिसली की आत घुसणारे, असे सगळे माना उंचावून एका काचेच्या बरणीकडे बघत होते. बरणी मखमलीच्या कापडावर ठेवलेली, मागून दिवा लावलेला. आत पाण्यासारखंच काहीतरी होतं, पण जरा दाट. आणि बरणीशेजारी, नुकतेच इस्त्रीखालून निघाल्यासारखे, शिलायोगी उभे होते. मी त्यांचं नाव पहिल्या पाच मिनिटांतच दगडबुवा करून टाकलं.

"दगड म्हणजे काय?" बुवांनी माईकला विचारलं. माईक काही बोलला नाही, तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं. "दगड म्हणजे झोपलेलं झाड! त्याच्या पोटात सिलिका असते. सिलिका म्हणजे कणा. कणा नाही म्हणून तुमची रोपं माना टाकतात. मी दगडाला जागं करतो. बघा!"

त्यांनी एका वाडग्यातून चिमूटभर करडे खडे उचलले, कपाळाला लावले आणि बरणीत सोडले. खडे तळाला बसले. आणि मग खरोखरच त्या खड्यांना कोंब फुटले. एक निळा, एक हिरवा, मग दोन-तीन एकदम. वाकडेतिकडे, नाजूक, एकमेकांना टाळत ते वर वर चढू लागले. एकाला तर फांदीसुद्धा फुटली.

"आई गं!" माझ्या शेजारून आवाज आला. माझ्या भावजयीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगडी रुतली. पुढच्या रांगेत कुणी हात जोडले, कुणी मोबाईल वर धरले. गुलाब लावणारे एक काका डोळे पुसत होते.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. या बरणीतली झाडं मी वर्गात दरवर्षी उगवते आणि तास संपला की मोरीत ओतते. एवढंच काय, एकदा भावजय माहेरी गेली होती तेव्हा तिच्याच स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी ती तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, बाळ्याला, करून दाखवली होती. विजेरी धरून तो वेड्यासारखा बघत बसला होता.

मी उठले. "बुवा, ते खडे जरा आमच्या हातात द्याल का?"

"बाई काय करतात?"

"रसायन शिकवते."

"मग बरोबर आहे!" बुवा लोकांकडे वळले. "मुडदा कापणाऱ्याला कधी माणूस भेटलाय? रसायनवाल्यांना प्राण दिसत नाही, फक्त पावडर दिसते!"

हॉल खदखदून हसला. पहिल्या रांगेतून बाळ्या वळून म्हणाला, "ताई, बस ना. लोक बघतायत." बाळ्याचा टेम्पो आहे. बुवांचं सामान आणायचं-न्यायचं काम त्याला मिळालं होतं, म्हणून तो मानाच्या खुर्चीत होता. मी बसले. गिऱ्हाईक जपायला लागतं बिचाऱ्याला, असं मनाशी म्हणाले.

मग बुवांनी दुसरा पडदा सारला. टेबलावर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे होते. डावीकडची रोपं लांबुळकी, फिकट, एकमेकांच्या अंगावर रेललेली. उजवीकडची ठेंगणी, गर्द हिरवी, जाड देठांची, रांगेत उभी.

"डावीकडे नुसतं पाणी. उजवीकडे शिलासत्त्व! जितकं दाट घालाल तितकं बळ. आणि एक लक्षात ठेवा, ज्याचा हात कोरडा त्याचं रोप कोरडं. शंका घेणाऱ्याकडे सत्त्व काम करत नाही."

ही शेवटची ओळ ऐकली आणि मला बुवांच्या हुशारीचं कौतुक वाटलं. औषध लागू पडलं तर बुवांचं यश, नाही पडलं तर तुमच्या मनात खोट! असा करार करायला मिळाला तर मीसुद्धा उद्या शिकवणं सोडून बाटल्या भरीन.

भावजय मात्र त्या ट्रेंकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होती. आम्ही अगदी मागे होतो. "वन्सं, देठ बघा कसे आहेत," ती हळूच म्हणाली. "माझी रोपं कधी अशी दिसतील हो?"

ती असं का म्हणाली हे कळायला तिचं काम माहीत हवं. घरामागे जाळीच्या सावलीत तिची रोपवाटिका आहे. ट्रेच्या एकेका खोलगट घरात ती कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरते, बोटाच्या पेराने खड्डा करते, एक बी टाकते. फक्त चार कोपऱ्यांतल्या घरांत दोन-दोन. "कोपरा आधी सुकतो, तिथे भरवसा नाही," असं तिचं म्हणणं, "आणि दोन्ही उगवली तर एक उचलून रिकाम्या घरात लावता येतं." रोज सकाळी एक मऊ फडकं हातात घेऊन ती रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरवते, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. रोपाला वाटतं वारा आहे, मग ते उंच जायचं सोडून देठ जाड करतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. दारातल्या, वाऱ्याच्या वाटेवरच्या रोपांचे देठ जाड असतात हे तिचं तिनेच हेरलं.

आजवर सगळी रोपं बाळ्याच्या नावाने विकली जात. तो टेम्पोत भरायचा, पोचवायचा, गिऱ्हाइकांना 'बाळूशेठची रोपं' एवढंच ठाऊक. या वेळी पहिल्यांदाच एका मोठ्या मळेवाल्याने स्वतः येऊन तिच्याकडे, तिच्या नावाने, सगळ्या मळ्याची टोमॅटोची रोपं मागितली होती. त्या दिवशी तिने मला फोन केला, पण धड बोलताच येईना; नुसती हसत होती. आणि नेमकी याच खेपेला रोपांना मर लागली. देठ जमिनीलगत काळा पडायचा आणि रोप आडवं व्हायचं.

"पाणी जास्त होतंय," मी सांगितलं होतं. "आणि जुने ट्रे धुतले नव्हतेस. बुरशी आहे ती. रोगट ट्रे बाजूला काढ, पाणी कमी कर. निम्म्याहून जास्त वाचतील."

हा सल्ला बरोबर होता, पण त्यात निळे कोंब नव्हते.

हॉलमधून टेम्पोने परतताना मी बाळ्याला विचारलं, "अरे, बरणीतली ती झाडं मी तुला तुमच्या ओट्यावर दाखवली होती ना?"

"कधी गं?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "मला नाही आठवत."

मी म्हटलं, असेल. माणसं विसरतात.

भावजयीने खिडकीशी बसून शिलासत्त्वाच्या बाटल्या मांडीवर घेतल्या होत्या. मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. ती एरवी माझा शब्द खाली पडू देत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला सगळीकडे खोटच दिसते. मी डोळ्यांनी बघितलीत ती रोपं. ती काय खोटी होती?"

बरणी खोटी हे मला माहीत होतं. रोपांचं काय, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्या ट्रेंना सत्त्व घातलं. रोगट आणि निरोगी, सगळ्यांना. दाट.

मी दोन दिवसांनी गेले तेव्हा ती ट्रेंच्या मधोमध पाटावर बसली होती. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. कोकोपीटवर पांढरी खरबरीत साय धरली होती. मी एक रोप उपटलं. मुळं पिवळट, लिबलिबीत. मर लागलेली तर गेलीच, पण जी चांगली होती तीही गेली.

"माझाच हात कोरडा," ती म्हणाली. "तुमचं ऐकून मनात शंका आली होती ना, म्हणूनच."

मला तिचा राग आला, बुवाचा आला आणि सगळ्यात जास्त त्या वाक्याचा आला. माणसाचं नुकसान करायचं आणि वर दोषही त्याच्याच पदरात बांधायचा!

"ऊठ," मी म्हटलं. "हळद आण."

वाटीत चिमूटभर हळद कालवली आणि तीवर सत्त्वाचे दोन थेंब टाकले. हळद लालभडक झाली.

"हे कुठे बघितलंयस?"

"साडीवर. हळदीच्या डागाला साबण लावला की असंच होतं."

"म्हणजे बाटलीत साबणासारखाच तिखट क्षार आहे, त्याहून कडक. ही पातळ काच आहे गं, पाण्यात विरघळवलेली; बरणीत होती तीच. साबणात घालतात, पुठ्ठे चिकटवायला वापरतात. ही दाट ओतल्यावर मुळं भाजणार नाहीत तर काय होईल? तुझ्या हाताचा आणि मनाचा काही संबंध नाही."

मग तिने पदराने तोंड पुसलं. "पुन्हा सभा आहे त्यांची," ती म्हणाली. "मला न्या. पण या वेळी पुढे बसायचं."

दुसऱ्या सभेला गर्दी दुप्पट. मी शाळेतून पिशवी भरून नेली होती. बुवांनी दगडाला कोंब फोडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या थांबायच्या आत मी टेबलाशी जाऊन माझी बरणी शेजारी ठेवली.

"आज आमचेही दगड जागे होऊ द्या," मी म्हटलं. बुवा काही बोलायच्या आत खडे टाकले. कोंब फुटले. निळे, हिरवे, तसेच वाकडेतिकडे.

"बाईंनासुद्धा सिद्धी आहे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सिद्धी नाही हो, मोरचूद आहे!" मी पुडी उघडून दाखवली. "तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या घरी फवारणीच्या सामानात हा असेल. दुसरा हिराकस, लोखंडाचा हिरवा खडा. वरून राख चोळली की झाला डोंगराच्या पोटातला दगड. खडा या पातळ काचेत पडला की त्याच्याभोवती पापुद्रा धरतो. बाहेरचं पाणी पापुद्र्यातून आत शिरतं, आतला दाब वाढतो, तो फुटतो, फुटला तिथे नवा पापुद्रा. असा तो वर चढत जातो. झाडासारखा दिसतो म्हणून झाड होत नाही. बुवांनी राख धुवून त्यांचे खडे तुमच्या तळहातावर ठेवावेत, मी आत्ता माफी मागून घरी जाते."

बुवांनी वाडगा मागे सरकवला. तेवढं पुरेसं होतं. गुलाबवाले काका उठले, वाडग्यातला एक खडा त्यांनी ओल्या रुमालाने पुसला आणि दिव्यासमोर धरला. निळा. "अहो, हा तर आमच्या फवाऱ्यातला!" ते म्हणाले, आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

पण बुवा कसलेले. त्यांनी हसून हात वर केला. "काचेतलं सोडा! बाईंना खेळ येतो, आनंद आहे. पण ही मातीतली रोपं? हीसुद्धा मोरचूद? नुसत्या पाण्याची ती बघा आणि सत्त्वाची ही बघा. डोळे आहेत ना तुम्हाला?"

कुजबुज थांबली. त्या रोपांपुढे माझी पिशवी रिकामी होती. लोक पुन्हा टेबलाकडे बघू लागले. आणि तेव्हा भावजय उठली.

ती सावकाश टेबलापाशी गेली. उजवीकडच्या ट्रेवर तिने तळहात आडवा धरला आणि रोज धरते तसा शेंड्यांवरून फिरवला. रोपं वाकली, परत उभी राहिली. मग ती खाली वाकली. ट्रेचा एक कोपरा बघितला. दुसरा. तिसरा. चौथा बघायला ती टेबलाला वळसा घालून गेली. चारही कोपऱ्यांत दोन-दोन रोपं होती. बाकी सगळ्या घरांत एकेक.

तिने शेजारचा ट्रे बघितला, त्याच्या शेजारचा बघितला.

"ही माझी रोपं आहेत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण माईक जवळ होता. "हे बियाणं मी पेरलंय. कोपऱ्यात दोन मीच टाकते, दुसरं कुणी टाकत नाही. यांना सत्त्वाचा थेंबसुद्धा मिळालेला नाही. नुसतं पाणी आणि माझं फडकं." मग तिने डावीकडच्या लांबुळक्या रोपांकडे बघितलं. तिथेही कोपऱ्यात दोन-दोनच. "आणि हीसुद्धा माझीच. यांना अंधारात कोंडलंय."

"अरे हो की!" गुलाबवाले काका कपाळावर हात मारून म्हणाले. "उजेडाविना रोप असंच लांबतं, हे शेंबडं पोर सांगेल. आपण सगळे डोळे असून आंधळे!"

मी अजून बुवाकडेच बघत होते. चोर पकडला असं वाटत होतं मला. भावजय मात्र बुवाकडे बघतही नव्हती. ती पहिल्या रांगेकडे बघत होती.

"हे ट्रे गिऱ्हाइकाकडे पोचवले म्हणून सांगितलंत ना मला?" तिने विचारलं.

बाळ्या खुर्चीत बसलेला होता. त्याने या जन्मात हजारो ट्रे उचलले असतील, पण एकाही ट्रेच्या कोपऱ्यात डोकावलं नव्हतं. डोकावला असता तर निदान ती चार रोपं उपटली असती.

माझ्या डोक्यात मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ओट्यावरची बरणी. हातातली विजेरी. 'कधी गं? मला नाही आठवत.' ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, ज्याची गणितं रात्र रात्र बसून सोडवून घेतली, त्याने माझा खेळ आणि बायकोचे कष्ट, दोन्ही उचलून बाटल्या विकायला एका भाडोत्री माणसाच्या हातात दिले होते. आणि मी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेत होते, याला सोडून. कुंपणच शेत खात होतं, आणि मी राखण करत होते ती वाऱ्याची.

"ताई," तो उठून माझ्याकडे आला, "खेळ तुझाच आहे, कबूल. पण ऐक तर. तिची रोपं इतकी चांगली, तरी कधी कुणी वळून बघितली? लोकांना मेहनत दिसत नाही, चमत्कार दिसतो. मखमलीवर ठेवली तेव्हा याच लोकांनी हात जोडले की नाही?"

वाईट हे, की यात थोडं खरं होतं.

"मला नको सांगूस," मी म्हटलं. "तिला सांग."

तो तिच्याकडे वळला. तिने त्याला बोलू दिलं नाही.

"मी सकाळी बाटल्या ओतत होते, तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. हातात चहा होता. ट्रे संपेपर्यंत उभे होतात. बाटलीत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं."

"अगं, एवढी दाट घालशील असं वाटलं नव्हतं. आणि थांबवलं असतं तर..."

"तर काय?"

तर बिंग फुटलं असतं. पण हे त्याला म्हणता आलं नाही, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ते न म्हणताच कळलं. या सगळ्या गडबडीत दगडबुवा मागच्या दाराने निघून गेले होते. त्यांचा कुणी पाठलागही केला नाही. भावजयीने आपले ट्रे एकेक करून उचलले आणि रिक्षात ठेवले. टेम्पोत नाही.

मळेवाल्याला तिने स्वतः फोन करून खरं ते सगळं सांगितलं. त्याने निम्मी रोपं दुसरीकडून घेतली. निम्म्यांसाठी थांबतो म्हणाला, कारण त्या सभेत तोही मागे उभा होता आणि उजवीकडचे ट्रे त्याला आवडले होते. तिने सगळे ट्रे धुतले, वाळवले आणि पुन्हा बी टाकलं.

आता कुणी विचारेल, मग सिलिका म्हणजे सगळं थोतांडच का? नाही. म्हणून तर ही फसवणूक इतकी पचली. भाताला, उसाला, काकडीला सिलिकाचा खरंच उपयोग होतो; पेशी घट्ट होतात, पान ताठ राहतं, काही रोगांना थोडा अटकाव होतो. कोकोपीटमध्ये ती फारशी नसते, तेव्हा अगदी पातळ करून, क्षार उतरवून, रोप लहान असल्यापासून थोडी थोडी दिली तर फायदा होऊ शकतो. टोमॅटो तिला फारसा विचारत नाही. आणि आडवं झालेलं रोप ती उभं करत नाही, कुणाचीच सिलिका करत नाही. पूर्ण खोटं चार दिवसांत पडतं. अर्ध्या खऱ्याच्या पाठीवर बसलेलं खोटं मात्र लांब जातं.

भावजयीने हे माझ्या शब्दावरही घेतलं नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. तिने टोमॅटोचे आणि काकडीचे काही ट्रे बाजूला मांडले. निम्म्यांना साधं पाणी, निम्म्यांना शेतीच्या औषधांच्या दुकानातून आणलेली खरी सिलिका, पाकिटावर लिहिली आहे तेवढीच पातळ. कोणत्या ट्रेला काय घातलं ते तिने माझ्यापासून लपवलं आणि मग मला ओळखायला बोलावलं. टोमॅटोत मला फरक सांगता आला नाही. काकडीची पानं एका बाजूला किंचित राठ लागली, आणि ती सिलिकाचीच निघाली. एवढंच. याला चमत्कार म्हणत नाहीत. पण हे उद्या तुम्ही तुमच्या घरी केलंत तरी असंच होईल, आणि कुणाचा हात कोरडा निघणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी बरणी उघडली, की टाळी वाजवायच्या आधी खडा हातात मागा. सत्त्वाची रोपं दाखवली, की ती कुणी पेरली ते विचारा. शंका घेतल्याने ज्याचं औषध बिघडतं, त्याचं औषध विकत घेऊ नका. आणि परक्याला विचारताना जीभ जितकी सैल सुटते, तितकी घरच्या माणसाला विचारतानाही सुटू द्या. मला ते जमलं नाही.

बाळ्या घरातच आहे. टेम्पो चालवतो, वेळेवर येतो, खाली मान घालून जेवतो. रोपं पोचवायला भावजय आता त्याच्याबरोबर स्वतः जाते. परवा मी गेले तेव्हा ती नवीन ट्रेमध्ये बी टाकत होती. कोपऱ्यांत दोन-दोन टाकून झाल्यावर तिने मधल्या कुठल्यातरी एका घरातही दुसरं बी टाकलं आणि चटकन वरून कोकोपीट सारलं.

"ते कशाला गं?" मी विचारलं. "मध्ये तर काही सुकत नाही."

"कोपऱ्यांचं आता सगळ्यांना माहीत झालंय, वन्सं," ती म्हणाली. "हे कुठलं घर ते फक्त मला ठाऊक असेल."

बाळ्या दारात उभा होता. हातात चहा होता. तिने मान वर केली नाही. मीही कुठलं घर ते विचारलं नाही.